टर्शियाने नाव सांगितलं

ब्रे, डब्लिनजवळ
९ मार्च २०२५

प्रिय प्रभाआत्या,

नमस्कार. 'तीर्थस्वरूप' लिहिलं की पुढच्या पत्रात तुझा टोमणा येतो, म्हणून या वेळी थेट 'प्रिय'. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला आवडत नाही. त्यापेक्षा आपलं हे पंधरा दिवसांनी पोचणारं टपालच बरं.

आम्ही सगळे मजेत. ज्ञानेशला हल्ली आठवड्यातून दोनदा ॲथलोनला जावं लागतं. त्या दिवशी सानिकाला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे. पोरगी सात वर्षांची झाली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या पोरांसारखं हेल काढून. काल म्हटलं, पेले प्रेसमध्ये ठेव (इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात), तर म्हणाली, "इट्स ग्रँड, मामा." मी तिची मामा कशी झाले हे तुझ्या प्रकाशला, म्हणजे माझ्या बाबांना, अजून पटलेलं नाही.

तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? बाबा फोनवर 'होईल, होईल' म्हणतात. त्यांच्या 'होईल'वर माझा विश्वास नाही.

तू मागे विचारलं होतंस, खेळ लिहितात म्हणजे नक्की काय करतात. सांगते. कॉम्प्युटरवरच्या खेळात खेळणारा एका माणसाच्या रूपाने दुसऱ्या जगात हिंडतो. तो माणूस कोण, कुठला, काय बोलतो, कशाला घाबरतो, हे सगळं कोणीतरी लिहावं लागतं. ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसून मी ते लिहिते. आतापर्यंत दुसऱ्यांच्या पात्रांना वाक्यं दिली. या खेळाची नायिका मात्र सबंध माझी आहे.

तिचं नाव टर्शिया. अठराशे वर्षांपूर्वीचं अँटिऑक शहर, रोमन लोकांचं राज्य. टर्शिया रंगाऱ्याची मुलगी. शहरात एक गुप्त मंडळी आहे. पळालेल्या गुलामांना एका घरातून दुसऱ्या घरात लपवत सीमेपार पोचवणारी. ती माणसं एकमेकांना फक्त 'शेजारी' म्हणतात. मंडळी मी कल्पनेनेच रचली, पण नावाची पद्धत खरी आहे. रोमन घरांत तिसऱ्या मुलीचं नाव पुष्कळदा नुसतं 'तिसरी' असायचं. टर्शिया म्हणजे तिसरी. रंगवलेल्या कापडाच्या घड्यांत निरोप लपवून ती शहरभर फिरते.

दोन वर्षं मी तिच्यामागे आहे, आणि आत्या, ती जमली आहे. मला माझ्या कामातलं एवढं कळतं. ऑफिसात विचारतात, ही बाई तुला सुचली कुठून? मी म्हणते, वाचनातून.

तुला ती कशी वाटते ते कळव.

तुझी
निहू


ब्रे
२७ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. एरवी तुझी चार पानं असतात, या वेळी चार ओळी. 'कापडाच्या घडीत निरोप नेणारी बाई तुला वाचनात भेटलेली नाही. पुढे ती काय करते ते लिही. खरं लिही. डोळा बरा आहे.'

खरं लिहिते. ती नाव सांगते.

शहराच्या वेशीवर शिपाई तिला कापडाच्या गठ्ठ्यासकट धरतात. तीन दिवस उभं करून ठेवतात. ती बोलत नाही. मग त्यांचा अधिकारी तिच्या धाकट्या भावाचं नाव घेतो, आणि ती लपलेल्या माणसाचं नाव, घर सांगते. त्या घरात लपलेला माणूस पकडला जातो. खेळ तिथे संपत नाही. अर्धा खेळ त्यानंतर आहे. ज्यांना यातलं काही माहीत नाही अशा लोकांमध्ये तिला राहायचं असतं, काम करायचं असतं, आणि खेळणाऱ्यालाही तिच्याबरोबर ते करावं लागतं. सगळ्या खेळातली ही सर्वांत चांगली जागा आहे. हे मी फुशारकीने म्हणत नाही.

आता तुला कळलंच असेल. तुझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तू मला हे सांगितलंस. मी एकोणीस वर्षांची होते, स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते. आणीबाणी, लुगड्यांच्या घड्यांत पत्रकं, सांगलीचा एसटी स्टँड, पोलीस. इचलकरंजीत मागवाल्याच्या माळ्यावर लपलेला तुझा सहकारी, त्याच्याजवळचं सायक्लोस्टाइल मशीन, खालच्या मागांच्या खडखडाटात त्याचा आवाज कसा बुडून जायचा. आणि शेवटी, 'प्रकाशला उचलून आणतो म्हणाले, मग मी माळा सांगितला.' तू म्हणालीस, हे प्रकाशलाही माहीत नाही, उद्या मी टेबलावरून उठले नाही तर कोणाला तरी माहीत असावं म्हणून सांगते. तू उठलीस. आपण पुन्हा तो विषय काढला नाही.

अजून एक आहे, आणि ते लिहायला मला दोन रविवार लागले.

आमची मुख्य लेखिका ग्रॉन्या. हुशार बाई, माझ्यावर तिचा जीव आहे. तिला हा प्रसंग नको होता. म्हणाली, "टर्शियाने नाव सांगता कामा नये. इथल्या माणसाला तू हे खेळायला लावू शकत नाहीस." इंग्रजांच्या काळापासून या देशात नाव सांगणारा म्हणजे सगळ्यांत हलका माणूस. तिच्या आजोळच्या गावात शंभर वर्षांपूर्वी एकाने नाव सांगितलं, तर त्याच्या पतवंडांच्या बाकावर आजही चर्चमध्ये कोणी बसत नाही म्हणे. मी युक्तिवाद केले, ती ऐकेना. नऊ जण बसले होते. शेवटी मी म्हणाले, "हे घडलेलं आहे. माझ्या आत्याच्या बाबतीत."

मग ग्रॉन्याने हट्ट सोडला. प्रसंग राहिला. मी जिंकले.

तुझं नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. पण तू मला एकटीला दिलेली गोष्ट मी वाद जिंकायला वापरली. प्रसंग लिहिण्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही, आजही वाटत नाही. तुला न विचारणं चुकलं. फार चुकलं.

जूनअखेरीस आवाजाचं रेकॉर्डिंग आहे. तोवर काहीही बदलता येतं. एक शब्द कळव. 'राहू दे' किंवा 'काढ'. 'काढ' म्हणालीस तर मी काढीन, ग्रॉन्याला काय सांगायचं ते माझं मी बघेन, आणि तुला कारण विचारणार नाही.

निहारिका


ब्रे
१६ जून २०२५

प्रिय आत्या,

तुझं उत्तर आलेलं नाही. हे पत्र टपालाने न पाठवता कुरिअरने पाठवते आहे. दार वाजलं तर उघड. आणि आधी बसून घे.

काल रविवारी मी कॉर्कला गेले होते. तिथल्या मराठी मंडळाचा मेळावा कॅरिगलाइन नावाच्या गावात होता. जवळच रिंगास्किडीला औषधांचे मोठे कारखाने आहेत, तिथे काम करणारी आपली पुष्कळ कुटुंबं कॅरिगलाइनमध्ये राहतात. मंडळाने मला माझ्या कामाविषयी बोलायला बोलावलं होतं. मी टर्शियाची गोष्ट सांगितली. फक्त टर्शियाची. तुझ्या उत्तराआधी तीही सांगायला नको होती, ते मला कळतं. पण ऐक.

बोलणं संपल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. अंगात स्वेटर, वर जाकीट, डोक्याला कानटोपी.

"पोरी, त्या बाईनं किती दिवस दम धरला म्हणालीस?"

"तीन."

"चार," ते म्हणाले.

लोक हसले. मीही हसले, म्हटलं, आजोबांना खेळात बरीच गोडी दिसते. ते हसले नाहीत.

चहाच्या वेळी ते माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा शैलेंद्र सोबत होता, रिंगास्किडीच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"मिरजेची न्हवं तू? केशवराव मराठ्यांच्यातली?"

"त्यांची नात. प्रकाशची मुलगी."

"मी चंद्रहास माने."

आत्या, तू मला त्यांचं नाव कधी सांगितलं नव्हतंस, तरी मला कळलं. त्यांनी माझ्या हातातून कप काढून टेबलावर ठेवला.

"मंगळवारी तिला स्टँडवर धरली," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी माळ्यावर आले. मधले दिवस तूच मोज. आमचा नियम ठाऊक हाय तुला?"

"नाही."

"निरोप्या सांजंपर्यंत आला न्हाई, तर जागा सोडायची. धरलेल्या माणसानं एक दिवस गप ऱ्हायचं, तेवढ्यात बाकीच्यांनी पांगायचं. एकच दिवस. त्याच्या म्होरं कुणावर बोल न्हाई. तिनं मला चार दिवस दिले. मी गेलोच न्हाई."

"का?"

"कंटाळलो हुतो. सहा महिन्यांत अकरा घरं झालेली. मागवाल्याची आई रोज गरम भाकरी करून वर पाठवायची. म्हटलं, उद्या निघू. रोज म्हटलं उद्या निघू."

शैलेंद्र मध्येच म्हणाला, "बाबा, तुम्ही तर आम्हाला सांगत आलात, रात्रीच वेढा पडला होता, निघायला वाटच नव्हती."

"सांगत आलो खरा," ते म्हणाले. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग म्हणाले, सात महिन्यांनी तुरुंगातून सुटल्यावर ते दोनदा आपल्या मिरजेच्या घरी आले होते. आजीने दारातच सांगितलं, प्रभा घरी नाही. "आत बांगड्या वाजल्या. म्हटलं, बरोबर हाय. ही माझ्यापायी चार दिवस उभी ऱ्हायली आणि मी जेवत बसलो. कशाला तोंड बघंल माझं. तिसऱ्यांदा गेलो न्हाई."

तू आत का बसली होतीस, ते मी त्यांना सांगितलं नाही. बाबांच्या नावाचंही नाही. जिभेवर आलं होतं. पण ते तुझं आहे, आणि या वेळी मी तोंड मिटून राहिले.

ते दोन जुलैला परत निघतात, सांगलीला. तुला भेटायची त्यांची इच्छा आहे, पण शैलेंद्रने विचारल्यावर म्हणाले, "तिनं ये म्हटलं तरच." त्यांचा सांगलीचा पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे. उत्तर मला नको. त्यांना दे, किंवा देऊ नकोस.

टर्शियाच्या त्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग मी ऑगस्टपर्यंत थांबवलं आहे. ग्रॉन्याने कारण विचारलं. म्हटलं, ज्यांची गोष्ट आहे त्यांचं अजून सांगून झालेलं नाही.

तुझी
निहू


ब्रे
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

बारा पानं. दोन्ही बाजूंनी. मागच्या आठवड्यात शनिवारी सकाळी टपालवाल्याने दिली आणि मी तिथेच पायरीवर बसून वाचली. सानिका आतून विचारत होती, मामा, आर यू ओके. म्हटलं, पणजोबांच्या घरचं पत्र आहे, जरा थांब.

तुझ्या पत्राने मला चकवलं. चंद्रहासकाका येतील, खरं काय ते कळेल, तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल, असं मी आपलं ठरवून टाकलं होतं. गोष्टी लिहिणाऱ्यांची ही खोड असते. तू लिहितेस, 'मला हलकं वाटलं नाही. मला राग आला.'

तू त्यांना 'ये' कळवलंस, ते आले, आणि तू विचारलंस, मी उभी होते तेव्हा तू जेवत होतास? ते हो म्हणाले. तू विचारलंस, काय होतं जेवायला? आणि त्यांनी खरंच सांगितलं. भाकरी, झुणका, शुक्रवारी शेंगदाण्याची आमटी. ते वाचून मला हसू आलं आणि मग हसू जागच्या जागी थिजलं. त्या माणसाच्याही ते चार दिवस चांगलेच लक्षात राहिलेत.

तू उठून स्वयंपाकघरात गेलीस आणि अर्धा तास बाहेर आली नाहीस. बाबा काय झालं विचारायला आत आले, आणि तू ओट्याला टेकून त्यांना सगळं सांगितलंस. त्यांचं नाव कसं घेतलं गेलं तेसुद्धा. बाबांनी मला फोनवर यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. तू लिहितेस, त्यांनी चहा टाकला, पहिला कप तुझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः बाहेर नेऊन चंद्रहासकाकांच्या शेजारी बसले. काल मी त्यांना फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाले, "निहू, मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. माझं नाव घेतलं म्हणून तिने आयुष्यभर..." मी फोन धरून राहिले.

आणि तू बाहेर येऊन चंद्रहासकाकांना म्हणालीस, "एकोणपन्नास वर्षं मी स्वतःवर रागावले. आता त्यातला थोडा तू घे." ते म्हणाले, "घेतो." पुढच्या रविवारी ते परत आले, त्याच्या पुढच्याही. अजून तुझा राग गेलेला नाही आणि त्यांना बसायला खुर्ची मात्र तू आधीच काढून ठेवतेस, हे बाबांनी सांगितलं. ते तू लिहिलेलं नाहीस.

आता कामाचं. तू लिहिलंस, 'काढू नकोस. तीनचे चार कर. आणि त्या माळ्यावरच्या माणसाला जेवताना दाखव.' मंगळवारी मी तो प्रसंग नव्याने लिहिला. टर्शिया वेशीवरच्या कोठडीत उभी आहे, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला तो माणूस पाव मोडून मसुराच्या रश्शात बुडवतो आहे. चार वेळा दिवस उजाडतो. चार वेळा तो दाराकडे पाहतो आणि परत बसतो. तो वाईट माणूस नाही, हे मी लिहिलं आहे. तुला पटेल का माहीत नाही, पण मला तसं दिसलं.

ग्रॉन्याने ते दोनदा वाचलं. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आमच्या गावात शंभर वर्षं सगळे एकाच घराकडे बोट दाखवत आले. ज्याला पकडलं तो वेळ असून निघून का गेला नाही, हे कोणी कधी विचारलं नाही." या नाताळात आजोळी गेल्यावर त्या रिकाम्या बाकावर जाऊन बसायचं, असं तिने ठरवलं आहे. बसते का ते बघू.

परवा रेकॉर्डिंग झालं. टर्शियाचा आवाज देणारी मुलगी गॉलवेची आहे. भावाचं नाव घेतलं जातं तिथे तिला काहीच शब्द नाहीत, फक्त श्वास आहे. तो तिने एकदाच दिला आणि आम्ही दुसरा मागितला नाही. तू ऐकावंस असं मला फार वाटतं. पुढच्या वेळी येईन तेव्हा मोठे हेडफोन घेऊन येते, तुझ्या चांगल्या कानाला लावू.

एक विचारायचं राहिलं. खेळाच्या शेवटी काम करणाऱ्या सगळ्यांच्या नावांची यादी येते. तिच्यात एक ओळ माझ्या हातात आहे. तिथे 'प्रभा केशव मराठे, मिरज' असं लिहू का? की नुसतं 'आत्या'? की काहीच नको? या वेळी आधी विचारते आहे. कितीही दिवस लागले तरी चालेल, यादी सगळ्यात शेवटी बंद होते.

तुझ्या एका शब्दासाठी थांबलेली, आणि तो येईपर्यंत कोणालाही काही न सांगणारी,

निहारिका